हनुवटीखालचा रुमाल

१

गारिफालियाला हौदातून बाहेर काढलं तेव्हा मी तिथेच होते. बायका म्हणत होत्या, "कालिओपी, बघू नकोस." मला बघू नकोस म्हटलं की माझे पाय आधी तिकडेच वळतात. बघितलं, आणि आता मरेपर्यंत डोळ्यांसमोरून जायचं नाही.

हौद तो केवढा! परसातला, भाजीला पाणी घालायचा. पाणी जेमतेम कमरेइतकं, काठ गुडघ्याएवढा. आणि ती समुद्रात माशासारखी पोहणारी पोर. हौदाच्या तळाशी गहू सांडलेला, चाळणी काठावर उपडी. रविवारच्या प्रार्थनेनंतर प्रसादासारखा वाटायचा गहू धूत बसली होती बिचारी.

आदल्याच दिवशी, शुक्रवारी, आम्ही तिच्या नवऱ्याच्या अस्थी वर काढल्या होत्या. तीन वर्षं झाली त्रिफोनासला जाऊन. हाडं दारूने धुतली, पेटीत ठेवली, अस्थिघरात नेली. रविवारी चर्चमध्ये प्रार्थना झाली की गारिफालियाचं काळं उतरणार होतं. आमच्या मानीत, ग्रीसच्या ह्या दक्षिण टोकाला, विधवेने कसं राहायचं ते कुणी शिकवावं लागत नाही. काळं नेसायचं, काळा रुमाल तोंडावरून, नाकाखालून बांधायचा. गाणं नाही, लग्नकार्य नाही, दात दिसेल असं काही नाही. गारिफालियाने तीन वर्षं हे इतकं कडक पाळलं की आमच्या म्हाताऱ्यासुद्धा म्हणायच्या, पोरी, श्वास तरी घेत जा.

गावाने लगेच म्हटलं, झोपली असेल. तिला झोपेचा आजार होता. बोलता बोलता, जेवता जेवता डोळा लागायचा. आधी आम्ही तिला आळशी म्हणायचो. नवरा गेल्यावर अथेन्सला तपासण्या झाल्या, तेव्हा त्याला नार्कोलेप्सी म्हणतात हे कळलं.

पण गावच्या डॉक्टरने, झिसिसने, मान हलवली. "झोपलेला माणूस गार पाण्यात पडला की जागा होतो, धडपडतो. ही झोपेत गेलेली नाही."

"मग?"

"मग मला माहीत नाही. कुणीतरी धरून ठेवलं असेल."

तेवढ्यात गारिफालियाच्या सासूला, लिगेरीला, चर्चमधून आणलं. म्हातारीने सुनेकडे पाहिलं, खाली बसली आणि म्हणाली, "मी वळणावर होते. घरातून किंकाळी ऐकली. आणि आर्गिरिसला परसाच्या भिंतीपलीकडून पळताना पाहिलं."

आर्गिरिस म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा.

२

आर्गिरिस मधमाश्या पाळतो. माणसांपेक्षा माश्यांत जास्त रमतो. त्याचा गारिफालियावर जीव होता आणि काळं उतरल्यावर तो तिला मागणी घालणार होता, हे गावात शेळ्यांनाही माहीत होतं. तिच्या दिराने, सारांतोसने, त्याला गल्लीत गाठून झोडपलं. शिपायाने कसाबसा सोडवला आणि गावात कोठडी नाही म्हणून माझ्या दुकानामागच्या तेलाच्या कोठारात बंद केला. कुलूप बाहेर, पण ते त्याला पळू न देण्यासाठी नव्हतं. गारिफालियाचे दोन भाऊ पिरियस बंदराहून निघाले होते. आमच्याकडे बहिणीला कुणी मारलं तर भाऊ कोर्टात जात नाहीत.

संध्याकाळच्या आत स्पार्टाहून इन्स्पेक्टर आली. मेरोपी सार्दी. पन्नाशीची, जाडजूड, पाय सुजलेले. माझ्या दुकानात कोपऱ्यातली खुर्ची पकडली, मिठाच्या पाण्यातले लुपिनचे, चपट्या चण्यांसारखे दाणे मागितले आणि एकेक सोलून खात बसली. मी मनात म्हटलं, झालं कल्याण! ही बाई माझ्या भाच्याला वाचवणार?

आधी डॉक्टर आला. पोरगा हुशार आहे. आई इथलीच, पण वाढला अथेन्समध्ये.

"अंगावर खुणा?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"काहीच नाहीत. मानेवर नाही, मनगटावर नाही."

"हौदाला आतून शेवाळ आहे. नखांत शेवाळ?"

"नाही. तेच विचित्र आहे."

"विचित्र काय, महत्त्वाचं आहे. ज्याला बुडवतात तो हातपाय झाडतो, भिंत ओरबाडतो. मांजराचं पिल्लूसुद्धा ओरबाडतं." तिने एक साल बशीत टाकली. "धडपडायचं भान आहे पण अंगात त्राणच नाही, असा काही आजार असतो का हो?"

डॉक्टरचा चेहरा उतरला. "असतो. ह्याच आजाराचा जोडीदार. कॅटाप्लेक्सी म्हणतात. काही रुग्णांचं, खदखदून हसले की, अंग एकदम सैल पडतं. गुडघे जातात, मान पडते. मिनिट-दोन मिनिटं. तेवढ्यात डोळे उघडे, शुद्ध शाबूत, सगळं ऐकू येतं. फक्त बोट हलत नाही. श्वास तेवढा चालू राहतो."

"श्वास चालू राहतो," ती म्हणाली. "पाण्यातही."

"पण तिला ते नव्हतं! मी दर खेपेला विचारायचो. पुस्तकात पहिला प्रश्नच तो असतो. हसल्यावर पाय लटपटतात का? रागाने, दचकल्याने? ती दर वेळी म्हणायची, नाही, डॉक्टर. सासू शेजारी असायची. ती पण म्हणायची, नाही."

"खोटं बोलत होत्या?"

"कशाला बोलतील?"

इन्स्पेक्टरने दाणा सोलता सोलता हात थांबवला. कोठाराच्या दारामागून आर्गिरिसचं खोकणं ऐकू येत होतं.

३

सारांतोस आला तो टेबलावर मूठ आपटूनच. हा त्रिफोनासचा धाकटा भाऊ. रंग चढला की आवाज चढतो आणि त्याला रंग सकाळपासूनच चढलेला असतो.

"चौकशी कसली करताय, मॅडम? म्हातारीने पाहिलंय त्याला! त्या माशीवाल्याला बाहेर काढा, मी विचारतो बरोबर."

"तुम्ही विचारलंत की गल्लीत. काय सांगितलं त्याने?"

"काय सांगणार? एक शब्द नाही. नुसता मार खात राहिला, मेंगळट कुठला!"

"वहिनीने दुसरं लग्न केलं असतं तर ऑलिव्हची बाग तिच्याबरोबर गेली असती. हे खरं ना?"

सारांतोसची मूठ उघडली. "म्हणजे तुम्ही माझ्यावर... मी तिला बाहेर काढलं! मी! पाणी माझ्या नाकातोंडात गेलंय."

"काढलंत तेव्हा रुमाल कुठे होता?"

"कसला रुमाल?"

तो गोंधळला, पण मी नाही. गल्ल्यामागून बोलायचं नाही असं ठरवलं होतं, तरी तोंडातून निघालंच. "हनुवटीखाली होता. गाठ मागे घट्ट तशीच. तोंड उघडं. मी मनात म्हटलं, मेल्यावर तरी पोरीचा चेहरा दिसला."

"पाण्याने सरकला असेल," सारांतोस म्हणाला.

"पाण्याने चिकटतो, सरकत नाही," इन्स्पेक्टर म्हणाली. "तिने स्वतः खाली ओढला. भिंतीपलीकडच्या कुणाला तोंड दाखवायला. तुम्हाला दाखवलं असतं का?"

सारांतोसने मान खाली घातली. मग इतक्या हळू आवाजात म्हणाला की मला गल्ल्यावरून वाकावं लागलं. "मला नाही. ती माझ्यासमोर कधीच रुमाल काढायची नाही. फक्त..." त्याने कोठाराच्या दाराकडे पाहिलं.

मी स्वतःचीच जीभ चावली. भाच्याला वाचवायला गेले आणि त्याच्याच गळ्यात फास घट्ट केला.

४

लिगेरी बसली ती काठी दोन्ही हातांत धरून. तिचाही रुमाल नाकाखालून. मुलासाठी तिने काळं घेतलं ते कधी उतरवणारच नव्हती.

"आजी, किंकाळी कशी होती?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"किंकाळी किंकाळीसारखी."

"एक लांब, की तुटक तुटक?"

म्हातारीने विचार केला. "तुटक."

"आणि मग?"

"मग थांबली."

"मग तुम्ही काय केलंत?"

"चर्चमध्ये गेले."

मलाही तेव्हाच जाणवलं. गावातल्या कुणालाच दिवसभरात हे सुचलं नव्हतं.

"आजी," इन्स्पेक्टर म्हणाली, आवाज मऊ होता, "घरातून सुनेची किंकाळी आली तर माणूस घराकडे पळतो. तुम्हाला पळवत नसेल, पण चाललात तरी घराकडेच चालाल. तुम्ही पाठ फिरवून चर्चमध्ये का गेलात?"

"पाय दुखत होते."

"चर्च चढावर आहे."

लिगेरीचे ओठ रुमालाआड हलले. ती उठली आणि काठी टेकत निघून गेली, आणि तिला थांबवायची हिंमत कुणाला झाली नाही. मला मात्र आत हुश्श झालं. म्हटलं, म्हातारीच ती! सून काळं उतरवून निघाली म्हणून ढकललंन. माझा पोर सुटला.

मी कॉफी घेऊन इन्स्पेक्टरसमोर बसले. "पकडा की तिला!"

"काकू, मला एक सांगा. गारिफालिया हसायची कशी?"

"हसायची? अहो, तीन वर्षांत हसली असेल तर शपथ!"

"त्याआधी?"

"त्याआधी काय विचारता! त्रिफोनास म्हणजे गावाचा विदूषक. ह्याच टेबलावर बसून गोष्टी सांगायचा, माणसं लोळायची. पण एक होतं. गंमत सांगायच्या आधी बायकोला खाली बसवायचा. उभी असली तर कमरेत हात घालून धरायचा. चारचौघांत! आम्ही नाकं मुरडायचो, लाज नाही मेल्याला म्हणून. आणि तीही हसता हसता त्याच्या खांद्यावर मान टाकायची, अंग सोडून द्यायची. आम्हाला वाटायचं, काय हे लाड!"

इन्स्पेक्टरच्या हातातला दाणा बशीत पडला.

"काकू," ती म्हणाली, "ते लाड नव्हते."

५

कोठारात आर्गिरिस तेलाच्या डब्यावर बसला होता. ओठ फुटलेला. मला पाहून उठला.

"मावशी, तू जा इथून. तिचे भाऊ आले तर तुझ्या दुकानात रक्त नको."

"गप बस, गाढवा! ह्या बाईंना काय ते सांगून टाक."

"सांगण्यासारखं काही नाही. मी निघालो तेव्हा ती जिवंत होती. बस."

"पाठ फिरवून निघालास, की बघत बघत?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"पाठ फिरवून. म्हातारी वळणावर दिसली म्हणून पळालो."

"मग मागे ती जिवंत आहे हे तुला कसं कळलं?"

त्याने तोंड मिटून घेतलं. पण डोळे! तसले डोळे मी त्याच्या लहानपणी बघितले होते, एकदा शर्टाच्या आत पाखरू लपवून घरी आणलं होतं तेव्हा. काहीतरी जपत होता. मार खाऊन जपत होता, उद्या गोळी खाऊन जपणार होता.

"तुला ऐकू येत होती ती," इन्स्पेक्टर म्हणाली. "आणि तू आणि म्हातारी, दोघांनी एकच गोष्ट ऐकलीत आणि दोघंही एकच गोष्ट लपवताय."

"मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही बाहेरच्या आहात. पाया पडतो, हे काढू नका. उद्या तिला पुरायची आहे. लोक तिच्याबद्दल काय बोलतील?"

"आणि तुला मारतील त्याचं काय?"

"मारू देत," तो म्हणाला.

६

रविवारी त्रिफोनासची प्रार्थना झाली नाही. त्याऐवजी त्याच्या बायकोला पुरलं. भाऊ सकाळीच आले होते: थोरला दिकेओस आणि धाकटा, दोघांच्या कोटाखाली काय होतं ते दिसत होतं. पुरून झाल्यावर दोघं थेट माझ्या दुकानात आले. मागे सारांतोस, डॉक्टर, लिगेरी. दारात शिपाई उभा.

"दार उघड, मावशी," दिकेओस मला म्हणाला. कोठाराचं.

"उघडा," इन्स्पेक्टर म्हणाली. "त्यालाही ऐकू दे."

आर्गिरिस बाहेर आला. ती उठली नाही, बसूनच बोलली.

"तुमच्या बहिणीला कुणी मारलं नाही. झोपेत पडली असती तर धडपडली असती. कुणी बुडवली असती तर त्याहून धडपडली असती. नखं स्वच्छ होती. म्हणजे पाण्यात पडली तेव्हा तिचं अंग तिच्या ताब्यात नव्हतं. असं करणारा एक आजार आहे, तो हसण्याने येतो. डॉक्टरांनी दर खेपेला विचारलं, हसल्यावर पाय जातात का. ती खरं तेच सांगत होती, नाही म्हणून. कारण ती हसतच नव्हती. तीन वर्षं. ज्या बाईला हसायलाच बंदी, तिला हसल्यावर काय होतं ते कसं कळणार? आणि लग्नानंतर जे व्हायचं ते तिला आजार वाटलंच नव्हतं. धरायला नवरा होता."

डॉक्टर भिंतीला टेकला. "पुस्तकात लिहिलंय, विचारा," तो म्हणाला. "मी विचारलं. शेवटची कधी हसलात, हे विचारायला मला सुचलं नाही. माझी आई इथली आहे आणि मला सुचलं नाही."

"ती काठावर बसली होती, पाठ पाण्याकडे," इन्स्पेक्टर पुढे म्हणाली. "आर्गिरिस भिंतीपलीकडे. त्याने काहीतरी म्हटलं आणि ती हसली. रुमाल ओढून, मोकळी हसली. प्रार्थनेच्या आधी एक दिवस. तो पळाला, त्याच्या मागे ते हसू चालू होतं. ते तो जपतोय, तिच्या नावाला बट्टा नको म्हणून. आजीनेही तेच ऐकलं, आणि त्यालाच किंकाळी म्हटलं."

सगळ्यांनी लिगेरीकडे पाहिलं. म्हातारी काठीकडे बघत बोलली. "मनात आलं, काल हाडं धुतली माझ्या मुलाची, आणि आज ही हसते. मला इतका राग आला. घरी गेले असते तर काहीतरी बोलले असते तिला. म्हणून देवाकडे गेले." मग म्हणाली, "घरी गेले असते तर हात दिला असता."

"खोटं आहे!" आर्गिरिस ओरडला. सगळे दचकले. "सगळं खोटं! मी ढकललं तिला. ऐकताय ना, दिकेओस? नाही म्हणाली म्हणून ढकललं. मार मला!"

"आर्ग्या, काय बोलतोस!" मी त्याचा हात धरला. त्याने झटकला.

"मार ना! बंदूक आणलीस ती कशाला?"

दिकेओस त्याच्याकडे बघत राहिला. त्या माणसाने आयुष्यात बरंच काही बघितलं असावं, खोटं बोलणारा त्याला कळला. त्याने कोटाची बटणं लावली. पण धाकटा तिथेच उभा राहिला, आणि लहान पोरासारखा थोरल्याला विचारू लागला, "दादा, मग मारायचं कुणाला?"

दिकेओसने त्याच्याही कोटाची बटणं लावली.

आर्गिरिस खुर्चीत बसला. "हसू एकदम थांबलं," तो म्हणाला. "मला वाटलं, आठवलं असेल तिला, रुमाल ओढून घेतला असेल. किती आनंदात उतरलो मी ती गल्ली! मी हसवलं तिला, मी." मग डॉक्टरकडे वळला. "पाण्यात तिला कळत होतं?"

डॉक्टरने खोटं बोलायला हवं होतं. मी डोळ्यांनी सांगत होते, बोल, मेल्या, नाही म्हण. पण तो रडत होता.

"म्हणजे मी पळतोय ते तिला ऐकू आलं," आर्गिरिस म्हणाला.

तेव्हा लिगेरी बोलली. "काय म्हणालास रे तिला? माझ्या मुलाने इतकी वर्षं हसवलं तिला. तू काय म्हणालास?"

त्याने जमिनीकडे बघत सांगितलं. "ती म्हणाली, सासूबाई नाही म्हणाल्या तर काय करशील? मी म्हटलं, मग मी सासूबाईंनाच मागणी घालीन. आणि आंदण म्हणून तुला मागून घेईन."

वाईट ह्याचंच वाटतं की गंमत चांगली होती. त्रिफोनासला शोभली असती. मी माझ्या ओठांवर हात ठेवला.

"मी नाहीच म्हणणार होते," लिगेरी म्हणाली. आणि तिचे खांदे हलायला लागले. रुमाल नाकापर्यंत, म्हणून हसते की रडते ते कळेना. काठी खाली पडली.

आर्गिरिस धडपडत उठला, खुर्ची उलटी झाली. तो धावला आणि म्हातारीला दोन्ही हातांनी कमरेत घट्ट धरलं. तिला काही झालेलं नव्हतं, आपल्या पायांवर ती नीट उभी होती. तरी त्याने सोडलं नाही. आम्ही सगळे बघत राहिलो, आणि तो तिला धरून उभाच होता.